वय ३४, बीपी-शुगर नॉर्मल, तरी अंगावरून वारं कसं गेलं?

मलप्रभेकाठची

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३४. खानापूर तालुक्यातलं गाव, थोडी भातशेती आणि स्वतःचा टेम्पो. दारू नाही, सिगारेट नाही, तंबाखू कधीतरी. गेल्या महिन्यात सकाळी टेम्पोत माल भरताना त्याचा डावा हात एकाएकी गळाला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. गल्लीतल्यांनी 'अंगावरून वारं गेलं' म्हणत तेल कोमट करायला ठेवलं. वहिनीनं मात्र कुणाचं ऐकलं नाही. शेजाऱ्याच्या गाडीत घातलं आणि तडक बेळगाव गाठलं. सीटी झाला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. आता चालतोय, बोलतोय. डाव्या हातानं शर्टाची बटणं अजून लागत नाहीत.

डिस्चार्ज कार्डवर कारणाच्या जागी 'क्रिप्टोजेनिक' लिहिलंय. विचारलं तर म्हणाले, कारण सापडलं नाही, असं होतं कधीकधी. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, इको सगळं नॉर्मल. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे.

प्रश्न एवढाच, की इथंच थांबायचं का? की पुढे काही शोधायचं असतं? घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात पोरगा वाचला, आता नसती लफडी नकोत.

काकतीकर

वहिनींना दंडवत. तेल चोळत बसले असते तर आज धागा वेगळाच निघाला असता. जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली आहे.

निपाणीकर

ताई, एक विचारालोय, राग मानू नका. भावानं आदल्या आठवड्यात सलूनमध्ये मान मोडून घेतली होती काय? आमच्या गल्लीतल्या पोराला तसंच झालतं. दाढी झाली, डोक्याला मालिश झालं, शेवटी कट-कट करून मान दोन्हीकडं फिरवली. तीन दिवस मान दुखालती, चौथ्या दिवशी चक्कर, उलट्या. सगळे म्हणाले पित्त झालंय. कोल्हापूरला नेल्यावर कळलं मेंदूत स्ट्रोक आहे म्हणून.

उगारचा_पाहुणा

झाडपाल्याचं औषध देणारे आहेत आमच्याकडं, गुरुवारी पहाटे उपाशीपोटी. नाकात थेंब सोडतात. पुष्कळांना गुण आलाय. पत्ता हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

धमनी

न्यूरॉलॉजीत काम करतो. हॉस्पिटल, नाव-गाव लिहिणार नाही आणि इथं कुणाला औषध लिहून देणार नाही. पण धाग्यातला प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर टंकतो.

उगारच्या पाहुण्यांना आधी उत्तर देतो. स्ट्रोकनंतर पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच रोग्यांची ताकद आपसूकच थोडी परत येते. त्या काळात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. श्रेयावरून मी भांडत नाही. पण गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तास आहे. मोठी नळी तुंबली असेल तर तारेनं गुठळी ओढून काढता येते, ते साधारण सहा तासांत, आणि स्कॅन बघून निवडलेल्या रोग्यांत २४ तासांपर्यंत. हा वेळ गुरुवारची वाट बघण्यात घालवू नका. नाकात थेंब तर मुळीच नकोत. स्ट्रोक झालेल्याला गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

आता मुख्य मुद्दा. 'क्रिप्टोजेनिक' म्हणजे आतापर्यंत केलेल्या तपासण्यांत कारण दिसलं नाही, एवढंच. कुठल्या तपासण्या केल्या यावर त्या शब्दाची किंमत ठरते. सत्तरीच्या माणसाला साखर-बीपीनं आतून खरवडलेल्या नळ्या असतात, किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडत असतात. तिथं नेहमीच्या तपासण्यांत उत्तर बहुतेक मिळून जातं. पन्नाशीच्या आतल्या माणसात आधी नेहमीच्याच गोष्टी बघायच्या, कारण आपल्याकडे तिशीतही बीपी आणि तंबाखूनं स्ट्रोक होतात. निपाणीच्या पट्ट्यात हे वेगळं सांगायला नको. पण त्या खरोखर नसतील तर गुठळी आली कुठून हे शोधावंच लागतं, कारण प्रत्येक ठिकाणचं औषध वेगळं आहे. सरसकट ॲस्पिरिन देऊन घरी पाठवणं मला पटत नाही.

निपाणीकरांनी सांगितलं ते अगदी खरं. मानेतून मेंदूकडे चार मोठ्या धमन्या जातात, दोन पुढून आणि दोन मणक्यांच्या भोकांतून मागून. मान झटक्यात फिरली की धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. फटीत रक्त शिरतं, अस्तर सुटतं, तिथं गुठळी धरते आणि तुकडा वर जातो. सलून हे एक कारण. गाडीचा धक्का, जोराची शिंक, डोक्यावर ओझं, काही वेळा काहीच नाही. मागची धमनी फाटली तर मानेच्या मागे एका बाजूला पूर्वी कधी नव्हतं असं दुखतं, मग चक्कर, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं. पुढची फाटली तर त्याच बाजूची पापणी किंचित उतरते, बाहुली बारीक होते. घरच्यांना वाटतं झोप झाली नाही. साध्या सीटीत हे दिसत नाही. मानेपासून डोक्यापर्यंतचा अँजिओ, म्हणजे धमन्यांचा स्कॅन लागतो, सीटीवर किंवा एमआरआयवर. एमआरआयमध्ये चरबी झाकून घेतलेल्या फिल्मवर नळीच्या भिंतीत पांढरी चंद्रकोर उमटते, ती दिसली की शंका राहत नाही. यातली बहुतेक फाट तीन ते सहा महिन्यांत औषधावर भरून येते.

ताई, तुमच्या फाइलमध्ये तीन गोष्टी बघा. मानेचा अँजिओ झालाय का? इको साधा की बबलचा? आणि दाखल करताना ऑक्सिजन किती होता? पुढचं सकाळी लिहितो, ड्युटी आहे.

हिशेबी

डॉक्टरसाहेब, रागावू नका, पण हे सगळं ऐकून सामान्य माणूस घाबरतो आणि मग पन्नास तपासण्यांचं पॅकेज गळ्यात मारलं जातं. माझ्या मेहुणीच्या वेळी रक्ताच्या नुसत्या 'गुठळी पॅनल'चं बिल बघून आम्हालाच झटका यायचा बाकी होता. आणि शेवटी काय, रिपोर्ट 'बॉर्डरलाइन'.

धमनी

हिशेबींचा मुद्दा मान्य. ते पॅनल मीसुद्धा सरसकट सांगत नाही. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन हे मुख्यतः शिरांमधल्या गुठळ्यांशी निगडित आहेत, धमनीच्या स्ट्रोकमध्ये त्यांचा उपयोग थोडा. शिवाय ताजी गुठळी असताना, हेपॅरिन किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ करायची औषधं चालू असताना, गरोदरपणात हे आकडे हलतात. दाखल असतानाच रक्त काढून 'प्रोटीन कमी आहे' असा शिक्का मारून घेतलेले कितीतरी रोगी माझ्याकडे येतात. मेहुणींचं 'बॉर्डरलाइन' तसंच असायची शक्यता आहे.

अपवाद एक, अँटिफॉस्फोलिपिड, म्हणजे गुठळ्या व्हायला लावणारी रक्तातली प्रतिद्रव्यं. वारंवार गर्भपात झालेली बाई, किंवा आधी पायात गुठळी झालेला माणूस, यांत हे बघायचंच. एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणून भागत नाही, निदान १२ आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं. आणि पक्कं ठरलं तर जुनं वॉरफरिनच द्यायचं. रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या सोयीच्या आहेत, पण या रोगात, विशेषतः त्याच्या रक्ताच्या तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्यांत, त्या कमी पडतात हे २०१८ च्या एका चाचणीत स्पष्ट झालं.

महाग तपासण्यांच्या आधीच्या फुकट तपासण्या कुणी करत नाही, हे माझं जुनं रडगाणं. दोन्ही हातांचं बीपी घ्या. तरुण मुलीच्या एका हाताची नाडीच लागत नसेल तर ताकायासू, म्हणजे महाधमनीला आलेली सूज. स्टेथोस्कोप छातीला नीट लावा. आपल्या भागात संधिवाताच्या तापानं खराब झालेल्या झडपा अजूनही सापडतात. झडप अरुंद, ठोका अनियमित, गुठळी डाव्या कप्प्यात. त्यांनाही वॉरफरिनच, हे २०२२ मध्ये मोठ्या अभ्यासात पुन्हा ठरलं. नखं बघा, ओठ-जीभ बघा, लहानपणापासूनचं विचारा.

औषधदुकान_शहापूर

धाग्याला थोडा फाटा फोडतो, पण विषयाला धरूनच. काउंटरवर रोजचा अनुभव. श्रावण, गणपती, घरचं लग्न, सौंदत्तीला जायचंय, की पाळी पुढे ढकलायची गोळी मागायला बायका येतात. चिठ्ठी नसते. 'मागच्या वेळी घेतली होती तीच द्या.' मी चिठ्ठीशिवाय देत नाही, मग पुढच्या दुकानात जातात. या गोळ्यांनी मेंदूत गुठळी होते असं ऐकलंय. खरं का?

धमनी

खरं आहे, पण प्रमाणात समजून घ्या. गोळी नॉरएथिस्टेरॉनची. तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि पाळी ढकलायच्या डोसला तो दुर्लक्ष करण्याइतका राहत नाही. हजारोंना काही होत नाही. पण आधी शिरेत गुठळी झालेली असेल, घरात तसा इतिहास असेल, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमचम दिसत असेल, किंवा उपासात पाणीही न पिता दिवस काढला जात असेल तर धोका वाढतो.

इथं गुठळी धमनीत नसते. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत असते. म्हणून चित्रही वेगळं. तोंड वाकडं होण्याआधी काही दिवस डोकं दुखतं, आडवं झाल्यावर जास्त, नजर अंधुक होते, मग फिट येते. साधा सीटी नॉर्मल येऊ शकतो. शिरांचा वेगळा स्कॅन सांगावा लागतो. आणि एक गोष्ट घरच्यांना पटवताना घाम फुटतो. मेंदूत रक्तस्राव दिसत असला तरी यात रक्त पातळ करायचं हेपॅरिनच द्यावं लागतं, कारण स्राव झालाय तो शीर तुंबल्यामुळे.

वडगावची_सून

बाळंतिणीचं पण लिहा डॉक्टर. आमच्याकडे अजून 'पाणी जास्त दिलं की पोट सुटतं' म्हणत बाळंतिणीला घोटघोट मोजून पाणी देतात, खोली बंद, खाली शेगडी. माझ्या जावेला बाराव्या दिवशी फिट आली. बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवायला निघाले होते.

धमनी

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त मुळातच गुठळीकडे झुकलेलं असतं. त्यात पाणी तोडलं, अंगात रक्त कमी, वर ताप, की शिरेतल्या गुठळीला सगळं आयतं मिळालं. बाळंतिणीची डोकेदुखी तिसऱ्या दिवशीही थांबत नसेल किंवा फिट आली तर त्याच दिवशी न्यूरोकडे. जाऊबाई आता बऱ्या आहेत ना?

वडगावची_सून

हो, ठणठणीत. आता तीच सगळ्या बाळंतिणींना तांब्या भरून देते.

चंदगडी

आम्ही चंदगडचे लोक असल्या वेळी बेळगावलाच येतो, जवळ पडतं. निपाणीचे कोल्हापूरला जातात. पण रेशनकार्ड महाराष्ट्राचं आणि हॉस्पिटल कर्नाटकात, किंवा उलट, की योजनेच्या खिडकीवर घोळ. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही सरकारांत वाजलंही. स्ट्रोकच्या वेळी मात्र खिडकीचा विचार करू नका, सीटी जिथं आधी होईल तिथं जा. कागदांचं नंतर बघता येतं.

मलप्रभेकाठची

उत्तरं देते. मान मोडून घेतली नव्हती. तो केस घरीच कापतो, वहिनी मशीन फिरवते. मानेचा अँजिओ झालाय, त्यात धमन्या चांगल्या आहेत असं लिहिलंय. इको साधाच. ऑक्सिजन मला कुठं दिसेना, मग दाखल करतानाच्या कागदावर नर्सच्या अक्षरात सापडला, ९३.

आणखी, तुम्ही लहानपणापासूनचं विचारा म्हणालात म्हणून. त्याचा घोळणा फुटतो. शाळेत असल्यापासून. उन्हाळ्यात जास्त, पण थंडीतही. आम्ही कांदा हुंगवायचो, डोक्यावर पाणी मारायचो. आईचाही फुटायचा, त्यामुळे घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. आणि तो सैन्यभरतीला उतरला होता, पळण्यात पास झाला, मेडिकलला छातीच्या एक्सरेत उजवीकडे खाली डाग निघाला. तेव्हा गावाजवळच्या डॉक्टरांनी टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या. थुंकीत काही निघालं नव्हतं.

धमनी

ताई, हे आधी का नाही सांगितलंत म्हणून रागावत नाही, कारण हे कुणी विचारत नाही.

३४ वर्षांच्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाचा ऑक्सिजन ९३, वर्षानुवर्षं घोळणा, आईलाही तेच, आणि फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग. मोठ्या माणसांत टीबीचा डाग बहुधा वरच्या भागात असतो. हे सगळं एका धाग्यात ओवलं तर माझ्या मनात पहिलं नाव येतं फुप्फुसातल्या धमनी-शिरेच्या थेट जोडाचं. नाव लांबलचक आहे, आपण जोड म्हणू.

होतं असं. अंगातलं वापरलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूनं फुप्फुसात जातं. तिथं केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. ते ऑक्सिजन तर देतंच, शिवाय चाळणीचंही काम करतं. पायाच्या शिरेतून सुटलेली बारीकसारीक गुठळी तिथं अडकते आणि विरघळून जाते. जोड असेल तर काही रक्त चाळणीला वळसा घालून सरळ डाव्या बाजूला येतं. ऑक्सिजन न घेता येतं म्हणून आकडा कमी, आणि गुठळी घेऊन येतं म्हणून स्ट्रोक. मेंदूच्या धमन्या, हृदय, कोलेस्टेरॉल, सगळं निर्दोष.

हे जोड असणाऱ्यांपैकी पुष्कळांना एक आनुवंशिक विकार असतो, ज्यात बारीक रक्तवाहिन्या जागोजाग फुगतात. निदानाला चार खुणा धरतात. आपोआप फुटणारा घोळणा, ओठ-जीभ-बोटांच्या टोकांवर लाल ठिपके, आतल्या अवयवांत असे जोड, आणि आई-बाप, भावंड किंवा मूल यांपैकी कुणाला हाच विकार. चारांतल्या तीन असल्या तर निदान पक्कं.

निदान मी इथून करत नाही. पण घरी एक गोष्ट करता येईल. कोरोनातला ऑक्सिमीटर कपाटात असेलच. दहा मिनिटं आडवं झोपवून आकडा बघा, मग उभं करून दोन-तीन मिनिटांनी बघा. असे जोड बहुधा फुप्फुसाच्या तळाला असतात. उभं राहिल्यावर रक्त तिकडे जास्त जातं आणि आकडा खाली येतो. बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको. आकडा उतरला नाही म्हणून जोड नाही असं मात्र समजू नका.

हिशेबी

आयला. घोळण्यावरून डॉक्टर इथवर जातील असं वाटलं नव्हतं. ऑक्सिमीटर फुकट, त्यामुळे माझी हरकत नाही.

मलप्रभेकाठची

झोपून ९४, उभं राहिल्यावर ९०. तीनदा बघितलं. खालच्या ओठावर मोहरीएवढे दोन लाल ठिपके आहेत, आम्ही लहानपणापासून तीळ म्हणत होतो.

धमनी

उद्याच जवळच्या हृदयरोग तज्ज्ञाकडून बबल टेस्टचा इको करून घ्या, आणि छातीचा पातळ कापांचा सीटी. सीटीला डाय (शिरेतून सोडायचं रंगद्रव्य) लागतोच असं नाही, तसं विचारा.

बबल टेस्ट काय असते ते लिहितो, नाव ऐकूनच रोगी दचकतात. हातात सलाइनची सुई. तिला तीन तोंडांच्या चावीवर दोन सिरिंज. एकीत नऊ मिली सलाइन आणि एक मिली हवा. दोन सिरिंजांमध्ये ते इकडून तिकडे जोरात ढकलत राहायचं, सलाइन दुधाळ होईपर्यंत. मग चटकन शिरेत. इकोच्या पडद्यावर हृदयाची उजवी बाजू बुडबुड्यांनी पांढरीशुभ्र होते. डावी काळीच राहायला हवी, कारण हे बुडबुडे फुप्फुसाच्या पलीकडे जात नाहीत. पहिल्या तीन ठोक्यांच्या आत डावीकडे बुडबुडे आले तर हृदयाच्या पडद्यात भोक. चार-पाच ठोके जाऊ देऊन आले, आणि कुंथायला न सांगताही आले, तर वाट फुप्फुसातून. ठोके मोजणारा माणूस सावध हवा. घाईत 'पॉझिटिव्ह' एवढंच लिहिलं की पुढचा डॉक्टर हृदयातलं भोक समजतो.

भोकाचंही सांगून टाकतो, कारण इको रिपोर्टात 'पीएफओ' बघून लोक हादरतात. गर्भातली ही फट जन्मानंतर बुजते, पण चारांतल्या एकाला ती मोठेपणीही थोडी उघडी राहते. म्हणजे हा धागा वाचणाऱ्यांतही अनेकांना असेल आणि आयुष्यभर काही होणार नाही. स्ट्रोक झालेल्याला फट सापडली म्हणून फटीनंच स्ट्रोक झाला असं नाही. फट मोठी आहे, पडदा झोळीसारखा हलतो, वय साठीच्या आत आहे आणि दुसरं कारण खरोखर शोधून सापडलेलं नाही, अशांना छत्रीसारखं उपकरण बसवून ती बंद केल्यास पुढचे स्ट्रोक कमी होतात, हे २०१७ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन अभ्यासांनी दाखवलं. दुसरं कारण शोधून झाल्याशिवाय छत्री बसवू नका.

निपाणीकर

डॉक्टर, हे एवढं सगळं आमच्या गल्लीतल्या पोराचं कुणी बघितलंच नव्हतं. पण त्याची मानेची धमनीच होती, रिपोर्ट आहे. सहा महिन्यांनी परत अँजिओ केला, भरून आली म्हणाले. सलूनवाल्यानं आता मान मोडायचं बंद केलंय, पाटीच लावलीया.

मलप्रभेकाठची

थोडं उशिरा लिहितेय, पळापळ चालली होती.

बबल टेस्टमध्ये पाचव्या ठोक्याला डावीकडे बुडबुडे आले. छातीच्या सीटीत उजव्या फुप्फुसाच्या तळाला एक मोठा जोड आणि डावीकडे एक बारीक. मोठा जोड त्या जुन्या डागाच्याच जागी. टीबी नव्हताच. मोठ्या जोडाला रक्त देणारी धमनी ४ मिमीची आहे असं लिहिलंय. मेंदूच्या नव्या एमआरआयमध्ये जुनाही एक छोटा स्ट्रोक दिसला, तो कधी झाला कुणालाच कळलं नाही.

जांघेतून नळी घालून आतून बंद करू म्हणतात, ऑपरेशन नाही. वडील आता काही बोलत नाहीत. भीती वाटतेय. बंद केल्यावर फुप्फुस निकामी नाही ना होणार?

धमनी

नाही होणार. जांघेच्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूनं फुप्फुसात नेतात, आणि जोडाला रक्त पुरवणाऱ्या त्या एका धमनीत धातूचं वेटोळं किंवा बूच बसवतात. ते रक्त तसंही हवेला न भेटता जात होतं, त्यामुळे तुटीचं काही नाही. काहींना टेबलावरच ऑक्सिजनचा आकडा चढलेला दिसतो. दोन ते तीन मिमी आणि त्यावरच्या धमन्या बंद करतात. बारीकवर लक्ष ठेवायचं. सहा महिने ते वर्षानं पुन्हा सीटी, मग काही वर्षांनी एकदा, कारण बंद केलेला जोड उघडू शकतो आणि बारीक मोठा होऊ शकतो. हे काम करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे का, आणि त्यानं फुप्फुसातले जोड आधी बंद केलेत का, हे तोंडावर विचारा. वाईट वाटून घेणारा असेल तर दुसरा बघा.

चार गोष्टी कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा. सलाइन लावताना हवेचा बुडबुडा जाता कामा नये, नळीला फिल्टर मागा. दात काढायचा किंवा हिरड्यांचं काम असेल तर आधी अँटिबायोटिक, कारण चाळणी नसल्यानं तोंडातले जंतू मेंदूत जाऊन गळू करतात. बंद केल्यानंतरही हा नियम चालूच. लोह तपासा. घोळण्यानं लोह कमी होतं, आणि अशा रोग्यांत लोह कमी असलं की स्ट्रोकही वाढतात. ॲस्पिरिननं घोळणा वाढला तर आपल्या मनानं बंद करू नका, जोड बंद झाल्यावर ती किती दिवस हवी ते डॉक्टरांशी बोला.

आणि आता तुमचं. तुमचा घोळणा फुटतो का?

मलप्रभेकाठची

फुटतो. महिन्यातून एखादवेळ. मला वाटलं नव्हतं तुम्ही विचाराल.

धमनी

मग बबल टेस्ट तुम्हीही करून घ्या, लवकर. हा विकार आई-बापाकडून मुलात जायची शक्यता निम्मी असते, मुलगा-मुलगी भेद नाही. दिवस जायचा विचार असेल तर आधीच, कारण गरोदरपणात हे जोड वाढतात आणि फुटून छातीत रक्तस्राव होऊ शकतो. भावाच्या मुलांचंही बघायचं आहे. आधी ऑक्सिमीटर, पुढचं बालरोगतज्ज्ञांशी बोलून. आई हयात असतील तर त्यांचीही छाती.

मलप्रभेकाठची

आई नाही आता. माझी तारीख घेते या आठवड्यात.

काकतीकर

ताई, काही लागलं तर सांगा. बेळगावात आहे, दुचाकी आहे, रांगेत उभं राहायची सवय आहे.

उगारचा_पाहुणा

वाचतोय. व्यनि करा म्हणालो होतो ते मागे घेतो. आमच्या शेजारच्या ऊसतोड्याला घोणस चावली होती, दवाखान्यात लस दिली, जीव वाचला, पण दुसऱ्या दिवशी एक बाजू गेली. विषानंही होतं का असं?

धमनी

होतं. घोणसीचं विष रक्त गोठायची यंत्रणाच विस्कटतं. बहुतेकांत रक्तस्राव होतो, पण काहींत उलट बारीक नळ्यांत गुठळ्या धरतात. सर्पदंशाच्या रोग्याला अचानक बोलता येईनासं झालं किंवा एक बाजू लुळी पडली तर विषाचाच थकवा समजू नका, मेंदूचा स्कॅन त्याच दिवशी. तुमच्या शेजाऱ्याचे कागद असतील तर नवा धागा काढा. वय, कुठली बाजू, लस किती तासांनी मिळाली आणि स्कॅन कधी झाला एवढं लिहा. रिपोर्टचे फोटो टाकताना नाव आणि आयपी नंबर (हॉस्पिटलचा दाखल क्रमांक) खोडा, मागच्या वेळी एकानं आधार कार्डासकट टाकलं होतं.